मुदतीनंतरचं नाव

"नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं गं," जात्यावर दळताना आई म्हणायची. रत्नाबाईंनी ते जन्मभर पाळलं, अमेरिकेतसुद्धा.

आज डॅलसच्या कोर्टात जजबाईंचा प्रश्न दुभाषी मैत्री मराठीत सांगत होती. "मावशी, काकांचा आश्रयाचा अर्ज फेटाळला, त्यावरचं अपील उशिरा का आलं? कारण पटलं नाही, तर त्यांना परत पाठवतील."

"परत गेले तर ज्यांनी आमचं घर जाळलं, ते ह्यांना जिवंत ठेवायचे नाहीत," रत्नाबाई म्हणाल्या. "अपिलाची मुदत होती तेव्हा हे दवाखान्यात बेशुद्ध होते. मी वकिलाकडे वेळेतच फोन केला. तिथली पोरगी रोज विचारायची, अपील कुणाचं? मी रोज सांगायची, आमच्या ह्यांचं."

"मग?"

"मग काय! तिला काही आमचे हे सापडेनात."

मैत्रीनं ते इंग्रजीत सांगताच जजबाईंना हसू आवरेना. "निदान आता तरी नाव सांगा."

रत्नाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शेजारी बसलेला नवरा पुटपुटला, "घे की गं! न घेतल्यानंच घटायला लागलंय."

रत्नाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले.

"उशिरा आला पाऊस, तरी उगवतेच ज्वारी,
राजारामांना परत धाडू नका, उभी तुमच्या दारी."