जड सिलिंडर

"धर गं, सांभाळून. लई जड हाय," मागच्या बुटक्या भिंतीपलीकडून मुक्ताबाई म्हणाली आणि तिनं विमलबाईंचा सिलिंडर चतुराबाईच्या हाती दिला.

चतुराबाईनं पाय रोवले, पदर खोचला आणि जोर लावून उचलला. सिलिंडर भुशाच्या पोत्यासारखा हलका निघाला. मुक्तीनं चहा करून करून गॅस संपवला की काय? आता ज्याच्या घरात तो रिकामा सापडेल त्यालाच विमलबाई धरणार.

"जडच हाय बाई," असं म्हणत ती कण्हली आणि सिलिंडर दोन्ही हातांनी कवटाळून आत आली.

एकच सिलिंडर घरोघर फिरवायचं गल्लीचं ठरलंच होतं. ग्रामपंचायतीनं बीडच्या एका संस्थेला हाताशी धरलं होतं. संस्थेची सल्लागार, रूपाली, घरोघरची चूल बघत फिरत होती. ज्यांचा गॅस परवडत नाही म्हणून बंद पडला, त्यांना धुराड्याची चूल आणि सिलिंडर भरायला मदत मिळणार होती. पण नावं ग्रामसभेत भोंग्यावरून वाचली जाणार होती. गल्लीला तेच झोंबलं.

"आमची अब्रू भोंग्याला टांगायची व्हय?" भिवराबाई म्हणाली होती. मग साऱ्या बाया मिळून विमलबाईंकडे गेल्या. स्लॅबचं घर गल्लीत त्यांचंच. भरला सिलिंडर असणार तर तिथंच. एके काळी विमलबाईही सगळ्यांसारख्या गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी इस्तू मागायला यायच्या. घरात गॅस आला, तेव्हापासून त्यांनी विस्तवासाठी कुणाचा उंबरा चढला नव्हता. उलट चुलीच्या भाकरीला नाक मुरडायच्या. त्यांनी आढेवेढे घेतले, पण शेवटी दिला. "नुसता दाखवायला न्यायचा. पेटवायचा न्हाई," एवढं मात्र बजावलं.

सकाळीच सगळ्यांनी चुलीत पाणी ओतलं, वर ओली पोती टाकली. सल्लागार पहिल्यांदा विमलबाईंच्याच घरी गेली. ती पुढच्या दारातून बाहेर पडली की सिलिंडर मागच्या भिंतीवरून शेजारी जायचा.

चतुराबाईची सून सायली खांबाला टेकून बसली होती. सातवा महिना चालू होता. धुरानं उबळ आली की पोट धरून वाकायची. गेवराईच्या डॉक्टरीणबाईंनी तिला धुरापासून लांब ठेवायला बजावलं होतं. सकाळी ती म्हणाली होती, "आत्याबाई, आपण खरं सांगू की."

"गप बस. समद्या गल्लीत आपलंच नाव वाचलं, तर तोंड कुठं लपवू?"

रूपाली आत आली. बरोबर पंचायतीचे सदस्य सुग्रीव होते. त्यांनी शेगडीकडे बोट दाखवलं.

"बघा ताई, हितंबी गॅस. आमच्या गल्लीत समदे राजे. उगं तुमची पायपीट."

"मग या गल्लीत आमचं काम नाही," रूपाली म्हणाली. "दुसरीकडे ज्यांना गरज आहे त्यांना देऊ."

तेवढ्यात सायलीला उबळ आली. खोकता खोकता तिनं सासूकडे पाहिलं. चतुराबाईनं मान वळवली. ओल्या पोत्याखालून धुराची बारीक रेघ निघत होती, ती तिनं पदरानं पांगवली.

"काकू, फिरून फिरून घसा सुकलाय," रूपाली म्हणाली. "घोटभर कोरा चहा टाकता का?"

आल्या माणसाला चहा नाही, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. चतुराबाईनं पातेल्यात पाणी घेतलं. कळ फिरवली. काडी ओढली. काडी बोटापर्यंत जळत आली. दुसरी ओढली. शेगडी मुकीच.

"आत्ताच संपला वाटतं," रूपाली हळूच म्हणाली.

रूपालीनं पळवाट काढून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. चतुराबाईनं तोंड उघडलं, तोच सायली पुन्हा खोकली.

"ताई, ह्यो सिलिंडर माझा न्हाई," ती म्हणाली. मान वर करवेना. "माझा मागच्या उन्हाळ्यापासून बाजंखाली पडलाय, रिकामा. सुनेचा जीव घुसमटतोय अन् मी लोकाचा सिलिंडर मिरवतेय. नाव लिहा माझं. भोंग्यावरून वाचा."

सुग्रीव ओठ दाबून दारातून बाहेर बघू लागले.

"सायले, तू अंगणात जा," चतुराबाई म्हणाली. तिनं पोतं ओढून बाजूला टाकलं, ओली राख उपसली, कापसाच्या पळाट्या मोडून चुलीत घातल्या आणि फुंकर मारली. धूर पत्र्याच्या फटीतून वर चढला. दिवसाढवळ्या, साऱ्या गल्लीला दिसेल असा. तिला वाटलं, उघड्या डोक्यानं वेशीत उभं केलंय आपल्याला.

चहा उकळेस्तोवर मुक्ताबाईच्या पत्र्यावरही धूर दिसला. मग भिवराबाईच्या.

रूपालीच्या हातात कप दिला, तोच मागच्या दारात सावली पडली. विमलबाई. एक हात पदराखाली. चतुराबाई गडबडीनं उठली. तिनं हात जोडले.

"काकू, तुमचा सिलिंडर... आमच्यात येऊन संपला. तुमी बोला, मी ऐकून घेते."

विमलबाईंनी सिलिंडरकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर जमिनीला खिळली होती. त्यांनी पदराखालचा हात हळूच पुढे केला. हातात गोवरीचा तुकडा होता.

"चतुरे," त्या म्हणाल्या, "जरासा इस्तू दे गं."