नानांच्या गाडीचं ऑइल

दोंडाईच्याच्या जीवननानांच्या जुन्या गाडीतून इंजिन ऑइल ठिबकायचं, ते काही केल्या थांबेना. गाडी जिथे उभी राहील तिथे काळे थेंब पडलेच म्हणून समजा. वाल्मीक मेकॅनिक दर वेळी गाडीखाली शिरायचा आणि "आते बठ्ठं बरोबर शे, नाना," असं सगळं ठीक झाल्याचं सांगत बाहेर यायचा.

त्यात नानांच्या डोक्याला दुसराही ताप होता. शुगर वाढल्यापासून ते स्टेशनजवळ चोरून जिलबी खायचे, आणि स्टेशनकडच्या बाजारातून परतलेली बायको, भिकुअक्का, दारातूनच विचारायची, "आज पण खाल्ली ना जिलबी?" हलवाईच फितूर झालाय, याबद्दल नानांच्या मनात शंका नव्हती.

शेवटी नाना गॅरेजमध्ये ठाण मांडून बसले. "वाल्मीक, आज गळती सापडल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

वाल्मीकने फडक्याला हात पुसले आणि मान खाली घातली. "गळती त पहिल्याच दिवशी सापडनी व्हती, नाना. पन अक्कांनी नट कसू दिला नाही."

"का?"



"त्या म्हणाल्या, थेंब बंद झाले तर हे कुठल्या हलवायापुढे थांबले, ते मला कसं कळणार?"