बायकोच्या बाजूचं दार

दाराच्या आतलं पॅनेल निघालं आणि चष्मेवाल्याने कोपरापर्यंत हात आत घातला. तळाशी एक गंजलेलं नाणं सापडलं, केसांची एक पिन सापडली, आणि बाहेरचं हँडल जोडणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपचे दोन तुकडे. या दोन तुकड्यांवर त्याची आजवरची अब्रू उभी होती.

उद्या सकाळी गाडीची तपासणी होती. गाडी लहान, पण वयाने एवढी झालेली की नापास झाली असती तर थेट भंगारात. आठवडाभर तो चष्म्याचं दुकान लवकर बंद करून तिच्याखाली लोळत होता. हॉर्नला कंठ फुटला तर वायपर रुसला, वायपर हलला तर हँडब्रेक ढिला पडला. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं. आता उरलं होतं फक्त बायकोच्या बाजूचं दार. ते बाहेरून उघडत नसे, आणि तपासणीचा नियम असा की प्रत्येक दार बाहेरूनही उघडलंच पाहिजे.

दार उघडत नाही म्हणून तो आधी स्वतः आत बसायचा, शेजारच्या सीटवर आडवा व्हायचा आणि हात लांब करून आतून दार ढकलायचा. तेवढं एक त्याच्या अंगवळणी पडलं होतं. बायकोने मात्र त्याचा भलताच अर्थ घेतला होता. ती बहिणींना सांगायची, "ह्यांचं काय सांगू! घोरतात, ओला टॉवेल गादीवर टाकतात, सांगितलेलं एक काम लक्षात ठेवत नाहीत. पण एक आहे हं. गाडीचं दार मला कधी उघडू देत नाहीत."

मग बहिणी आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या, आणि सगळे साडू चष्मेवाल्याकडे बघायचे. त्या बघण्यात प्रेम नसायचं. वासरांत लंगडी गाय शहाणी, हे त्यालाही कळत होतं. पण गाय कशाला बोलेल?

शिवाय त्याच्या नावावर दुसरं काही जमाही नव्हतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तो बायकोला पेट्रोल पंपावर विसरून आला होता. ती पाणी प्यायला उतरली. याने टाकी भरली, गाडी काढली आणि घर येईपर्यंत रिकाम्या सीटशी गप्पा मारल्या. ती चालत आली. एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला अजून वाटायचं. त्याच सुमारास दार बिघडलं आणि त्याचं नशीब उघडलं.

क्लिपच्या तुकड्यांवर पकडीचे दात उमटलेले होते. कारखान्यातल्या कुठल्यातरी गाढवाने घाईत ठोकून बसवली असणार, असं म्हणून त्याने कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग नवीन क्लिप बसवली आणि बाहेरून हँडल ओढलं. दार लोण्यासारखं उघडलं. त्याला इतकं वाईट वाटलं की तो तिथेच फरशीवर बसून राहिला.

शेवटी त्याने ठरवलं, आपण काही बोलायचं नाही. तिने आजवर त्या हँडलला हात लावलेला नाही, पुढेही लावणार नाही. आपण आपले आडवे होत राहू. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तपासणीला बायको बरोबर आली, कारण तिथून दोघांना तिच्या बहिणीकडे जेवायला जायचं होतं. तपासनिसाने दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवून दचकला. मग बाहेर उभ्या असलेल्या बायकोला म्हणाला, "ताई, तुमच्या बाजूचं दार उघडा बघू."

चष्मेवाला आत बसला होता. तो आडवा झाला आणि त्याने आतून दार उघडलं.

"तुम्ही नाही, साहेब. त्यांना उघडू द्या."

तपासनिसाने दार लावलं. चष्मेवाल्याचा हात पुन्हा गेला. सवयीचा हात, तो मालकाला विचारतो थोडाच!

"अहो, हात मांडीवर ठेवा!" तपासनीस ओरडला. "बाहेरून उघडतच नाही की काय हे?"

बायकोने हँडल ओढलं. दार उघडलं. तपासनिसाने वाकून हँडलमागच्या फटीतून आत पाहिलं आणि त्याला हसू आलं. "क्लिप कोरी करकरीत आहे. म्हणजे कालपर्यंत उघडत नव्हतं! तरीच साहेब एवढे धावतायत." त्याने कागदावर शिक्का मारला. गाडी पास झाली. चष्मेवाल्याला मात्र आपणच भंगारात निघाल्यासारखं वाटत होतं.

गाडी फाटकाबाहेर पडली. बायको समोर बघत होती. पंपाच्या दिवशी होती तशीच गप्प. त्याला ते सहन होईना.

"अगं, ते दार," तो म्हणाला, "मी काही तुझ्या कौतुकाने उघडत नव्हतो. ते बाहेरून उघडायचंच नाही."

"हं."

"आता सगळ्यांसमोर सांगशील?"

तिने कागदाची नीट घडी घालून तो पर्समध्ये ठेवला.

"बहिणीकडे जायच्या आधी गाडी घरी घ्या," ती म्हणाली. "आणि ती पक्कड मला काढून द्या. पंपावरून चालत आले त्या दिवशी ती शोधता शोधता माझा जीव गेला होता."