पुस्तक विरुद्ध पडदा

"इंग्रजी कादंबरीवर काढलेली प्रत्येक मालिका म्हणजे त्या कादंबरीचा दिवसाढवळ्या केलेला खून आहे!" निवृत्त प्राध्यापक टिल्लूंनी सोसायटीच्या हॉलमध्ये जाहीर केलं. श्रोत्यांत फक्त शेजारचे गोठोस्कर होते, आणि तेही घरी रंगकाम चाललं होतं म्हणून.

टिल्लूंनी पुरावा म्हणून पडद्यावर एक प्रसंग लावला. कादंबरीतली नायिका लग्नाची मागणी नाकारायला दोन पानं बोलते. मालिकेतली नुसतीच खिडकीबाहेर बघते आणि हातमोजा चढवते.

"खून नाही तर काय हा?"

"खूनच, सर."

प्रतिवाद खोडायला टिल्लूंनी तोंड उघडलं होतं, पण प्रतिवाद आलाच नाही. या प्रसंगावरून त्यांची पत्नीशी इतकी जुंपायची की गॅसवरचं दूध उतू जायचं. बाईंनी इंग्रजी कादंबरी कधी हातात धरली नाही, पण मालिकांची वकिली जन्मभर केली. "दोन पानांचं काम पोरीनं एका हातमोज्यात उरकलं. त्याला अक्कल लागते," म्हणायच्या. गेल्या दिवाळीत त्या गेल्या. तेव्हापासून टिल्लू प्रत्येक वाद जिंकत होते.

"पण त्या हातमोज्यात थोडा अभिनय आहे, असं नाही वाटत तुम्हाला?" त्यांनी आशेनं विचारलं.

"छे! तुम्ही म्हणता म्हणजे नसणारच."

टिल्लूंनी प्रोजेक्टर बंद केला आणि गोठोस्करांशेजारी खुर्ची ओढून बसले.

"एक काम कराल का हो? मला जरा 'तुम्हाला काय डोंबल कळतंय' असं म्हणा ना. थोडं चिडून."