दुप्पट जवळ

"कॅमेऱ्याला टेलिकन्व्हर्टर लाव गं, पलीकडचा काठ दुप्पट जवळ येईल. उजेड तेवढा कमी होतो," नवरा गाडीकडे जाताना म्हणाला. "आणि लेकीला धर नीट. कुणाकडेही झेपावते बया!"

झोळीतली लेक माझ्या छातीशी झोपली होती. मी लेन्समागे कन्व्हर्टर चढवून तलावापलीकडे पाहिलं. चित्र अंधारलं. रोहित पक्ष्यांमध्ये एक बाई गुडघाभर पाण्यात उभी होती, बाळाला घ्यायला पसरतात तसे हात पसरून.

नुसत्या डोळ्यांनी तिथे फक्त पक्षी दिसत होते. पुन्हा लेन्समधून पाहिलं, तर ती निम्मं पाणी ओलांडून आली होती.

घाबरून मी कन्व्हर्टर काढला, मान वर केली. पक्षी लांबच होते. ती समोर होती.

लेक जागी झाली, खुदकन हसली आणि झेपावली.