सात अंशांची प्रत

लसगृहातलं तापमान क्षणोक्षणी दाखवणारा ऑनलाइन फॉर्म हेमांगीच्या पडद्यावर लाल झाला. तापमान सात अंशांवर आलं होतं आणि आठच्या वर गेलं की सगळ्या लशी वाया. दुसरं शीतयंत्र सुरू करायला फॉर्मातल्या 'मंजूर'वर भांडारप्रमुख सोनटक्क्यांनीच बोट ठेवायला हवं होतं.

"साहेब, पटकन दाबा."

"असं कसं? आधी प्रिंट काढा."

या माणसाची अक्कल गोल शिक्क्यापलीकडे कधी गेलीच नाही, असं मनात म्हणत तिने प्रिंट दिली. सोनटक्क्यांनी चष्मा पुसला, सही केली, शिक्का पुसट उठला म्हणून पुन्हा मारला.

तोवर पडद्यावर नऊ अंश झाले होते. हेमांगीने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"उगाच घाबरवू नका," कागदावर बोट ठेवत ते म्हणाले, "यात सातच आहे."