डोळ्यातला ठिपका

"हनुवटी जराशी खाली घ्या, नत्थूजी. अजून. बस. आता खांदा खिडकीकडे."

नत्थूजी खांद्याऐवजी सगळेच वळले. भिवापूरच्या मिरचीच्या व्यापारात उभा जन्म गेलेला माणूस, पण फोटोच्या स्टुलावर बसला की वर्गात शिक्षा झाल्यासारखा बसायचा. तीन आठवड्यांपूर्वीच त्यांनी इथे फोटो काढला होता. तो न्यायच्या आधी सुनेनं नवा कोट शिवून आणला आणि पंचाहत्तरीच्या पत्रिकेवर कोटातलाच फोटो पाहिजे, असं घरात ठरलं.

प्रेमानंदनं मान डोलावली होती. हल्ली तो कशालाही मान डोलवायचा. नंदनवन वस्तीतल्या या स्टुडिओत त्यानं सव्वीस वर्षं लोकांच्या माना वळवल्या. कोणाचं टक्कल कसं लपतं आणि कोणाचं नाक कुठून सरळ दिसतं, हे त्याला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक. पण गेले पंधरा दिवस नुसते हात चालत होते, आत काहीच हलत नव्हतं. बायकोला, गोपिकाला, घाटावर पोचवून आला त्या संध्याकाळी त्यानं दोन पोळ्या खाल्ल्या. चवही लागली. त्याची त्याला लाज वाटली, पण तीसुद्धा थोडीशीच.

"बाई नाही दिसून राहिली?" नत्थूजींनी विचारलं. "ते पांढरं धरून उभी होती ते?"

"वारली."

नत्थूजी उठायला लागले.

"हलू नका," प्रेमानंद म्हणाला. "उजेड चांगला आहे."

ते पांढरं म्हणजे थर्माकोलची शीट. खिडकीचा उजेड एकाच गालावर पडायचा. दुसरा गाल काळा राहू नये म्हणून गोपिका समोर शीट धरायची आणि उजेड परत तोंडावर टाकायची. हात भरून आले की शीट घसरायची, आणि प्रेमानंद गिऱ्हाइकासमोरच खेकसायचा, "बराबर धर नं वं!" आज शीट खुर्चीला चिमट्यांनी लावली होती. खुर्चीवर कोण खेकसणार?

रविवारी तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. फ्रेम तयार होऊन आली होती, पण रिकामी. आत लावायला फोटोच नव्हता. लग्नाच्या अल्बममध्ये एकवीस वर्षांची कोणी पोरगी होती. आधार कार्डावरची बाई पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसत होती. साऱ्या नंदनवनाचे फोटो काढणाऱ्याच्या घरात एवढंच. कधी स्टुलावर बस म्हटलं तर ती म्हणायची, "मी बसली तं शीट कोण धरन?" त्यालाही ते पटायचं. मग तो "पाहू नंतर" म्हणायचा. मुलगी पायल पुण्याहून रोज फोन करून विचारत होती. आईचा फोटो न ठेवता फुलं कशापुढे वाहायची, असं काल म्हणाली आणि रडली. तो रडला नाही. त्याला रडू येतच नव्हतं.

नत्थूजींचा फोटो त्यानं कॉम्प्युटरवर घेतला. आधी कॉलर, मग गालावरचा चट्टा, शेवटी डोळे. डोळ्यांवर त्याचा हात बसलेला होता. त्याच्या प्रत्येक फोटोत बुबुळावर शीटचा इवलासा पांढरा चौकोन चमकायचा. त्यानंच डोळा जिवंत दिसतो, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्या चौकोनाच्या कडेला मात्र नेहमी एक तिळाएवढा काळा ठिपका यायचा. भिंतीवरचं काही असेल, त्यानं कधी विचार केला नाही. डोळा पडद्यावर मोठा करायचा आणि ठिपका पुसून टाकायचा. मूळ फोटो तो ठेवत नसे, उगाच जागा अडते म्हणून. अशा हजारो डोळ्यांतला ठिपका त्यानं पुसला होता. आपल्या या सफाईचा त्याला अभिमानही होता.

त्यानं नत्थूजींचा डोळा मोठा केला. ठिपका नव्हता. दुसरा डोळा पाहिला. तिथेही नव्हता. चौकोन चारही बाजूंनी साफ होता.

"काहून गा? काही बिघडलं का?" नत्थूजींनी विचारलं.

प्रेमानंदनं तीन आठवड्यांपूर्वीचा फोटो उघडला, बिनाकोटाचा. तो काढला त्याच दुपारी गोपिकाच्या छातीत दुखायला लागलं होतं, त्यामुळे त्याला हात लावायचा राहून गेला होता. आता कोटातला फोटो झाला म्हणून तो हा उडवणारच होता.

त्यानं डोळा मोठा केला. ठिपका होता. तो मोठा करत गेला. ठिपक्याला आधी डोकं आलं, मग खांदा, मग शीटवर ताणलेला हात. नाकडोळे नव्हते, तेवढ्याशा जागेत ते मावत नाहीत. पण डावा खांदा वर गेलेला होता. हात भरून आले की तिचा डावा खांदा असाच वर जायचा.

हजारो डोळ्यांतून त्यानं तिलाच पुसलं होतं. त्यानं हात माऊसवरून उचलला आणि मांडीखाली दाबून धरला, चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून.

फोन वाजला. पायल होती.

"बाबा, भेटला का आईचा फोटो?"

"भेटला."

"खरंच? कसा आला आहे?"

जन्मभर दुसऱ्यांच्या फोटोंत खोट काढणारा तो माणूस पडद्याकडे बघत राहिला.

"चेहरा नाही दिसून राहिला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "पण शीट बराबर धरली आहे वं तिनं."